हँडशेक होतो, डाउनलोड अडकते: वायरगार्ड टनेलच्या एका बिघाडाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा सामायिक लिनक्स सर्व्हर आहे. त्यावर गिट रिपॉझिटरी, बिल्डचे कंटेनर आणि अंतर्गत दस्तऐवज असतात. सर्व्हर डेटा सेंटरमध्ये आहे आणि तो सांभाळणारे सगळे स्वयंसेवक आपापल्या घरून काम करतात. बाहेरून थेट प्रवेश बंद आहे. आधी वायरगार्ड टनेल (इंटरनेटवरून जाणारा कूटबद्ध खासगी मार्ग, म्हणजे व्हीपीएन) जोडायचा आणि पुढचे सगळे त्यातून करायचे, अशी व्यवस्था आहे. वायरगार्ड २०२० मध्ये लिनक्स ५.६ पासून कर्नलमध्येच आले, त्यामुळे वेगळे मॉड्यूल बांधत बसावे लागत नाही. नव्या सदस्याला एक टेम्प्लेट फाइल मिळते, त्यात तो आपली चावी घालतो आणि आत येतो. या टेम्प्लेटमध्ये एमटीयू (एका पॅकेटची बाइटमधली कमाल लांबी) १४२० अशी एक ओळ कुणीतरी हाताने लिहून ठेवली होती. ती नसती तरी टनेल जोडणाऱ्या डब्ल्यूजी-क्विक या साधनाने बहुतेकांच्या मशीनवर हाच आकडा निवडला असता, म्हणून त्या ओळीकडे कधी कुणी पाहिले नाही.

प्रकरणात चार जण आहेत. क या दस्तऐवजांचे काम पाहतात, लिनक्स रोज वापरतात, पण नेटवर्क हा त्यांचा विषय नाही. ख हे सर्व्हरचे प्रशासक. ग हे गटातले जुने सदस्य, कुणीही काही विचारले की पहिले उत्तर बहुधा त्यांचेच. घ फारसे बोलत नाहीत, पण नेटवर्किंग त्यांच्या पोटापाण्याचा व्यवसाय आहे.

अडचण

क यांनी लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि त्यानंतर गिट फेच (सर्व्हरवरून कोड उतरवून घेणे) अर्ध्यात थांबू लागले. त्रुटीचा संदेश नाही, कनेक्शन तुटत नाही, कर्सर नुसता लुकलुकत राहतो. पिंग मात्र व्यवस्थित. एसएसएचने लॉगिन होत होते, छोट्या आज्ञांची उत्तरे लगेच येत होती, पण लांब लॉग पडद्यावर मागवला की सेशन गोठायचे. गिट पुश (कोड सर्व्हरवर पाठवणे) चालत होते. ब्राउझरमध्ये सर्व्हरचे चार ओळींचे स्थितिपान उघडत होते, दस्तऐवजांचे मोठे पान पांढरेच राहत होते.

नेटवर्कची सवय असलेल्याला ही लक्षणे वाचूनच वास येतो. लहान पॅकेट जातात, मोठी जात नाहीत, तीही एकाच दिशेने. पण क यांनी ती अशी एकत्र सांगितली नव्हती. त्यांचे पहिले वाक्य होते, ‘व्हीपीएन खूप स्लो झालंय, अजून कुणाला होतंय का?’ बाकीची लक्षणे दोन दिवसांत, एकेक प्रश्न विचारल्यावर बाहेर आली.

‘माझ्याकडे चालतंय’ असे बहुतेकांनी सांगितले. दोघे म्हणाले, ‘मलाही होतंय, पण कालपासूनच.’ क यांना त्याच्या आदल्या आठवड्यापासून होत होते. सर्व्हरवर या दिवसांत कुणी काही बदलले नव्हते. एकच बिघाड वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळ्या दिवशी सुरू होतो, हे कोडे इथे नोंदवून ठेवायला हवे होते. तसे झाले नाही. वेगवेगळे दिवस म्हणजे वेगवेगळ्या अडचणी असाव्यात, असे गृहीत धरले गेले.

सल्ल्यांचा पहिला फेरा

क यांनी सुरुवातीलाच टनेलची स्थिती दाखवणाऱ्या डब्ल्यूजी शो या आज्ञेचे आउटपुट टाकले होते. शेवटचा हँडशेक (दोन टोकांनी एकमेकांची ओळख पटवणे) मिनिटाच्या आतला आणि बाइटचे आकडे वाढते. ते पाहून ग यांनी टनेल ठीक आहे असे म्हटले, आणि ते खरेही होते. पण त्याच आउटपुटमध्ये एंडपॉइंटच्या (टनेलच्या पलीकडच्या टोकाच्या) ओळीत चौकटी कंसात लांबलचक पत्ता आणि पुढे ५१८२० हा पोर्ट होता. चौकटी कंस म्हणजे आयपीव्ही६, इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४. टनेल बाहेरून आयपीव्ही६ वरून जात होता आणि हे कुणाच्याच लक्षात आले नाही, कारण सगळे हँडशेकची वेळ पाहत होते.

मग सल्ले आले. डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदला. सर्व्हर रीस्टार्ट करा. चावी नवी बनवा. पिंग नावाने होत असताना डीएनएसचा संबंध उरत नाही, आणि हँडशेक होत असताना चावीचा तर नाहीच. तरीही क यांनी दोन्ही करून पाहिले, कारण सांगणारे अनुभवी होते.

चौथा सल्ला जरा बरा होता. फोनच्या हॉटस्पॉटवरून करून बघा. हॉटस्पॉटवरून सगळे सुरळीत चालले. निष्कर्ष निघाला की दोष घरच्या इंटरनेट कंपनीचा. क यांनी तिथे तक्रार नोंदवली, त्यांनी लाइन तपासली, लाइन चांगली निघाली. हॉटस्पॉटच्या चाचणीत एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या. लाइन बदलली, आणि फोन फक्त आयपीव्ही४ पत्ता देत असल्याने टनेलचा बाहेरचा रस्ताही आयपीव्ही४ झाला. यातल्या कशामुळे फरक पडला, ते त्या चाचणीवरून कळणे शक्यच नव्हते.

बरोबर संशय, फसवी चाचणी

पूर्ण प्रकरणात मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो हा टप्पा, म्हणून इथे थोडा थांबतो.

ग यांनी चौथ्या दिवशी एमटीयूचे नाव काढले. घरच्या रूटरमध्ये पीपीपीओई (काही इंटरनेट कंपन्यांची जोडणीची पद्धत) आहे का, असे त्यांनी क यांना विचारले. होते. पीपीपीओईचे शीर्ष ८ बाइटचे असते, म्हणून इथरनेटच्या १५०० मधून त्या लाइनवर १४९२ उरतात. वायरगार्डचे वेष्टन आयपीव्ही४ वर ६० बाइटचे (आयपीचे २०, यूडीपीचे ८, वायरगार्डचे स्वतःचे ३२) आणि आयपीव्ही६ वर ८०. १४२० चे पॅकेट आयपीव्ही४ वरून गेले तर बाहेर १४८० होते, बसते. आयपीव्ही६ वरून गेले तर पूर्ण १५०० होते आणि १४९२ च्या लाइनवर बसत नाही. ग यांनी १४९२ मधून ८० वजा करून १४१२ हा आकडा काढला. हिशेब अचूक होता.

क यांनी आपल्या लॅपटॉपवर टनेलचा एमटीयू १४१२ केला आणि पुन्हा फेच केले. पुन्हा तिथेच अडकले.

ग यांनी लिहिले, ‘म्हणजे एमटीयू नाही. सोडा तो मुद्दा.’ आणि सगळ्यांनी तो खरोखरच सोडला. पुढचे दोन दिवस कर्नलची आवृत्ती, लॅपटॉपच्या वाय-फायचा ड्रायव्हर आणि गिटच्या बफरची सेटिंग यांत गेले. हातात आलेले उत्तर एका चाचणीवर विश्वास ठेवून टाकून दिले गेले, आणि ती चाचणी काय सिद्ध करते हे कुणी तपासले नाही.

ती चाचणी का फसली? वायरगार्ड आतले पॅकेट कूटबद्ध करण्याआधी त्याची लांबी १६ च्या पटीपर्यंत भरून काढते, पण पाठवणाऱ्या इंटरफेसच्या एमटीयूपेक्षा जास्त नाही. क यांनी १४१२ ठेवल्यावर त्यांच्या लॅपटॉपने सर्व्हरला टीसीपीमध्ये तशी मर्यादा कळवली आणि सर्व्हर १४१२ बाइटचीच पॅकेट बनवू लागला. पण सर्व्हरच्या इंटरफेसचा एमटीयू अजून १४२० होता. १४१२ पुढची १६ ची पट १४२४, ती १४२० च्या वर जाते, म्हणून भरणा १४२० वर थांबतो. बाहेरचे पॅकेट पुन्हा बरोबर १५००. क यांनी १४१२ ऐवजी १४०८ लिहिले असते तर सगळे त्याच क्षणी सुरू झाले असते.

घ यांचे प्रश्न

घ बोलले ते यानंतर. त्यांनी उपाय सुचवला नाही, तीन गोष्टी करून आकडे मागितले.

पहिली, एंडपॉइंटमध्ये सर्व्हरच्या नावाऐवजी त्याचा आयपीव्ही४ पत्ता लिहून टनेल पुन्हा जोडा, बाकी काही बदलू नका. क यांनी तसे केले आणि फेच पूर्ण झाले. लाइन तीच, लॅपटॉप तोच, फक्त बाहेरचा रस्ता वेगळा. इंटरनेट कंपनी, ड्रायव्हर, गिट, सगळे एका झटक्यात संशयातून बाहेर.

दुसरी, पुन्हा नावावर या, एमटीयू १४२० ठेवा आणि तुकडे न करण्याची अट घालून टनेलच्या आतून वेगवेगळ्या आकाराचे पिंग करा. १३८० पर्यंतचे उत्तर येत होते, १३८१ चे नाही. पिंगच्या आकड्यात शीर्षाचे २८ मिळवायचे असतात, म्हणजे सीमा १४०८. ग यांच्या हिशेबाने ती १४१२ हवी होती. या चार बाइटच्या फरकानेच घ यांना उत्तर दिले. १४०८ म्हणजे १६ गुणिले ८८. भरण्याचा नियम त्यांना ठाऊक होता.

तिसरी गोष्ट ख यांच्याकडून हवी होती. सर्व्हरच्या बाहेरच्या इंटरफेसवर टीसीपीडम्प (पॅकेट पाहण्याचे साधन) लावून फक्त आयसीएमपीव्ही६ (नेटवर्कचे चुका कळवणारे आणि नियंत्रणाचे संदेश) पाहा आणि त्याच वेळी क यांना फेच करू द्या. फेच अडकताच टीसीपीडम्पमध्ये ‘पॅकेट टू बिग’ असे संदेश येऊ लागले, मर्यादा १४९२. क यांच्या इंटरनेट कंपनीचे उपकरण सर्व्हरला वारंवार सांगत होते की पॅकेट मोठे आहे, लहान करून पाठव. सर्व्हर ऐकत नव्हता.

इथे आणखी एक गैरसमज झाला. ख म्हणाले, ‘टीसीपीडम्पमध्ये दिसतंय, म्हणजे फायरवॉलमधून येतंय. मग कर्नल का ऐकत नाही?’ येणारे पॅकेट टीसीपीडम्पला फायरवॉलच्या आधी दिसते. ते तिथे दिसले म्हणजे कार्डापर्यंत पोचले, एवढेच सिद्ध होते. कर्नलपर्यंत पोचले का, हे प्रॉक नेट एसएनएमपी६ या फाइलमधला ‘पॅकेट टू बिग’चा काउंटर सांगतो. तो शून्य होता.

मूळ कारण

आयपीव्ही६ मध्ये वाटेतला रूटर पॅकेटचे तुकडे करत नाही. मोठे पॅकेट तो टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीव्ही६ चा प्रकार २ चा संदेश धाडतो. पाथ एमटीयू (पूर्ण वाटेवर बसणारी पॅकेटची लांबी) शोधण्याची ही पद्धत आयपीव्ही६ साठी १९९६ च्या आरएफसी १९८१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका) आली आणि आता २०१७ च्या आरएफसी ८२०१ मध्ये आहे. तो संदेश अडवला तर पाठवणारा आंधळेपणाने तेच मोठे पॅकेट पुन्हापुन्हा पाठवत राहतो. फायरवॉलने कोणते आयसीएमपीव्ही६ संदेश अडवू नयेत यासाठी २००७ चा आरएफसी ४८९० आहे आणि त्यात हा प्रकार सोडायचाच, असे स्पष्ट म्हटले आहे.

ख यांनी काही महिन्यांपूर्वी फायरवॉल आयपीटेबल्स या जुन्या साधनावरून एनएफटेबल्स या नव्यावर नेली होती. तेव्हा गटातच सल्ला मिळाला होता की आयसीएमपी जितके बंद तितके बरे. त्यांनी पिंग आणि शेजारी शोधण्याचे संदेश सोडले, आणि त्याखाली बाकीचे आयसीएमपीव्ही६ टाकून देणारी ओळ लिहिली. सुरू असलेल्या जोडणीशी संबंधित पॅकेट सोडणारा नेहमीचा नियम त्यांच्याकडे होता, पण तो या ओळीच्या खाली. तो वर असता तर हे संदेश आपोआप आत आले असते. दोन ओळींच्या क्रमाचा प्रश्न होता.

तो महिनोन्‌महिने दिसला नाही, कारण तोवर सर्व्हरच्या नावाला फक्त आयपीव्ही४ पत्ता होता. एका नव्या सदस्याची आयपीव्ही४ जोडणी फारच खराब असल्याने ख यांनी डीएनएसमध्ये एएएए नोंद (नावाचा आयपीव्ही६ पत्ता) घातली, आणि घालणे योग्यच होते. सर्व्हरच्या नावाचा पत्ता डब्ल्यूजी-क्विक टनेल जोडतानाच एकदा शोधते. ज्याने लॅपटॉप रीस्टार्ट केला, तो त्या दिवसापासून आयपीव्ही६ वर गेला. वेगवेगळ्या दिवशी सुरू झालेल्या तक्रारींचे कोडे एवढेच होते. ज्यांच्याकडे पीपीपीओई नव्हते, किंवा आयपीव्ही६ नव्हते, त्यांच्याकडे ‘चालतंय’.

पुश का चालत होते, याचेही उत्तर मिळाले. क यांच्या घरच्या रूटरने आयपीव्ही६ साठी १४९२ ही मर्यादा लॅपटॉपला आधीच जाहीर केलेली होती, त्यामुळे लॅपटॉप बाहेरचे पॅकेट स्वतःच दोन तुकड्यांत मोडून पाठवत होता. डेटा सेंटरमधल्या सर्व्हरला हे सांगणारे फक्त ते अडवलेले संदेश होते.

पर्याय आणि त्यांची तोलमोल

एएएए नोंद काढून टाकणे सर्वात झटपट होते. पण मग नवा सदस्य पुन्हा खराब जोडणीवर, आणि फायरवॉलचा दोष पुढच्या वेळेपर्यंत झाकलेला. ख यांना हा पर्याय आवडला होता. ग यांनी विरोध केला.

फायरवॉल पूर्ण उतरवून पाहण्याचाही सल्ला आला. सार्वजनिक पत्त्यावरच्या सर्व्हरवर ख यांनी तो नाकारला आणि माझ्या मते बरोबर केले. त्याऐवजी त्यांनी टाकून देणाऱ्या ओळीला एनएफटेबल्सचा काउंटर जोडला. क यांनी फेच केले की काउंटर चढतो, थांबवले की थांबतो. तेवढाच पुरावा मिळाला, धोका न पत्करता.

फक्त फायरवॉल दुरुस्त करणे, हा तत्त्वतः योग्य उपाय. सर्व्हरला मर्यादा कळली की तो बाहेरच्या पॅकेटचे तुकडे करून पाठवेल. पण मग प्रत्येक मोठ्या पॅकेटमागे दोन पॅकेट, आणि आयपीव्ही६ चे तुकडे काही नेटवर्क वाटेतच टाकून देतात. २०१६ चा आरएफसी ७८७२ याच निरीक्षणांवर आहे. एका सदस्याकडे चालेल आणि दुसऱ्याकडे नाही, अशी अवस्था पुन्हा आली असती.

टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा) दाबणे किंवा कर्नलचे टीसीपी एमटीयू प्रोबिंग सुरू करणे, हे दोन्ही फक्त टीसीपीपुरते. शिवाय एमएसएस १३७२ ला दाबला असता तर भरण्याच्या नियमामुळे तीच फसगत झाली असती, १३६८ लागला असता.

राहिला एमटीयू कमी करण्याचा मार्ग, आणि त्यात आकड्यावरून वाद झाला. ग यांचे म्हणणे, सरळ १२८० करा, आयपीव्ही६ मध्ये त्याहून कमी एमटीयू कुठेच नसतो, विषय संपला. ख यांना वेग कमी होण्याची भीती होती. हिशेब मांडला तर १२८० वर ८० बाइटचे वेष्टन सुमारे ५.९ टक्के पडते आणि १४०० वर ५.४ टक्के. अर्ध्या टक्क्यासाठी एवढी चर्चा गरजेची नव्हती. १२८० च्या विरुद्ध खरा मुद्दा घ यांनी मांडला. उद्या टनेलच्या आत आणखी कुठले वेष्टन आले तर आयपीव्ही६ ला जागाच उरणार नाही.

केलेली कृती

फायरवॉलमध्ये संबंधित जोडण्या सोडणारा नियम सर्वात वर गेला, आणि ‘पॅकेट टू बिग’सकट चुकांचे चारही प्रकार स्पष्टपणे सोडले. सर्व्हरच्या टनेल इंटरफेसचा एमटीयू १४०० झाला. टेम्प्लेटमध्येही तोच आकडा गेला, शेजारी त्याचे कारण सांगणारी टीप घालून. १४१२ ऐवजी १४०० निवडण्याचे कारण साधे होते. काही लाइनवर आयपीव्ही४ स्वतःच ४० बाइटच्या आयपीव्ही६ वेष्टनातून जाते, तिथे १४६० उरतात, आणि १४०० अधिक ६० त्यात नेमके बसतात.

क्रमही विचारपूर्वक ठरवला. आधी फक्त फायरवॉल बदलली आणि क यांना फेच करायला सांगितले. ते पूर्ण झाले, टीसीपीडम्पमध्ये तुकडे दिसले. मग सर्व्हरचा एमटीयू बदलला, तुकडे दिसेनासे झाले. दोन्ही एकदम बदलले असते तरी तक्रार मिटली असती, पण कुठल्या बदलाने काय साधले ते कळले नसते.

निष्पत्ती

क यांच्यासह तिघांची अडचण त्याच दिवशी संपली, त्यांच्या मशीनवर काहीही न बदलता. सर्व्हरच्या बाजूचा आकडा कमी झाला की येणारी पॅकेट लहान होतात, सदस्यांनी टेम्प्लेट नंतर सवडीने बदलली तरी चालते. नवा सदस्य आयपीव्ही६ वरच राहिला. क यांच्या इंटरनेट कंपनीकडची तक्रार त्यांनी स्वतः मागे घेतली.

वेगळे काय करता आले असते

एएएए नोंद घालताना ख यांनी कुणाला सांगितले नव्हते. डीएनएसमधला बदल ‘सर्व्हरवरचा बदल’ म्हणून मोजलाच गेला नाही, म्हणून ‘काही बदलले का’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर गेले. आता बदलांची एकच नोंदवही आहे आणि तिच्यात डीएनएसही येते.

सल्ल्यांबाबत मात्र मला ग यांना दोष देणे पटत नाही. एमटीयूचा संशय त्यांनीच घेतला होता. १४१२ वर फेच अडकल्यावर लगेच १२८० करून पाहायला सांगितले असते तर दोन दिवस वाचले असते. एखादा संशय तपासायचा तर चाचणीचा आकडा सीमेला चिकटून न ठेवता भरपूर खाली ठेवायचा, चालले तर मग वर सरकत सीमा शोधायची. गटाने आता तक्रारीसोबत द्यायच्या गोष्टींची छोटी यादी केली आहे. मोठे काय जाते, लहान काय जाते, कुठल्या दिशेने अडकते, एंडपॉइंटचा पत्ता कुठल्या प्रकारचा. हँडशेकची वेळ त्या यादीत सर्वात शेवटी आहे.

घ यांनी शेवटी एक गोष्ट सुचवली. फायरवॉलची ती ओळ फक्त आत येणाऱ्या पॅकेटच्या नियमांच्या साखळीत होती की पुढे पाठवणाऱ्या साखळीतही? बिल्डच्या कंटेनरची पॅकेट पुढे पाठवणाऱ्या साखळीतून जातात आणि त्यांना जोडणाऱ्या आभासी पुलाचा (ब्रिजचा) एमटीयू अजून १५०० आहे. ख यांनी पाहिले. तिथेही तोच क्रम होता, फक्त कंटेनरमधून टनेलवर मोठे काही जात नसल्याने कुणाचे अडले नव्हते. त्यांनी तोही बदलला आणि नोंदवहीत लिहिले.